ऑइल बदलल्यानंतर ट्रॅक्टरचे इंजिन जाम का होते?

फवारणीचा योग्य काळ मोजक्या दिवसांचा असतो. त्यातच ट्रॅक्टर बंद पडला, तर कीड वाट पाहत नाही. ऑइल बदलल्यानंतरच्या अशा बिघाडाचे एक कारण क्षुल्लक असते. जुना फिल्टर काढताना त्याचे रबरी सील कधी इंजिनलाच चिकटून राहते. त्यावर नवा फिल्टर बसविल्यास दोन सील एकमेकांवर येतात, दाबाखाली सरकतात आणि ऑइल वेगाने बाहेर पडते. बेअरिंगवरील तेलाचा थर नाहीसा होऊन धातूवर धातू घासतो व इंजिन जाम होते. म्हणून जुने सील फिल्टरसोबत निघाल्याची खात्री करावी, बैठक पुसावी आणि नव्या सीलला ऑइल लावून फिल्टर हातानेच आवळावा. नंतर इंजिन मंद गतीने चालवून गळती पाहावी. ऑइल-दाबाचा दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर इंजिन तत्काळ बंद करावे.