भोक नको, पण लाकूड हवं : भिंतीला चिकटवण्याचा खरा खर्च

भाड्याच्या फ्लॅटमध्ये खुंटाळं लावायचं असतं आणि करारात ‘भिंतींना ड्रिल करू नये’ असं कलम असतं. किंवा घर स्वतःचं असतं, पण इमारत मायव्हान पद्धतीची, म्हणजे ॲल्युमिनिअमच्या साच्यात ओतलेल्या सलग काँक्रीट भिंतींची. तिथे साधं घरगुती ड्रिल टोक तापेपर्यंत फिरतं आणि थांबतं. मग हार्डवेअरवाला ‘खिळ्याशिवाय चिकटवा’ म्हणत तीन-चारशे रुपयांची नळी पुढे करतो.

काम होतंही. पण त्याचं बिल तीन हप्त्यांत येतं : सामान, भिंतीची तयारी आणि पुढे कधीतरी ते लाकूड काढल्यावरची डागडुजी. नळीची किंमत हा यातला एक लहान भाग. म्हणून दुकानात जाण्याआधी तिन्हींचा हिशेब एकत्र मांडलेला बरा. खालचे दर शहरी दुकानांतले ढोबळ अंदाज आहेत. गाव, ब्रँड आणि घासाघीस यांनुसार ते खालीवर होतील.

आधी भिंत ओळखा

गोंद काँक्रीटला चिकटतो असं आपण म्हणतो, पण राहत्या घरात काँक्रीट दिसतं कुठे? वर गिलावा किंवा जिप्समचा थर, त्यावर एक-दोन मिलिमीटर पुट्टी, मग प्रायमर आणि शेवटी रंग. गोंद धरतो तो रंगाला. वजन पेलताना यांतला सर्वांत कच्चा थर आधी सुटतो आणि तो बहुतेकदा पुट्टीचा असतो. म्हणून पडलेल्या पट्टीच्या मागे गोंद शाबूत दिसतो आणि त्याला भिंतीचा पापुद्रा चिकटलेला असतो.

तीन चाचण्या फुकटात होतात. भिंतीवर बोट घासा. पांढरी पावडर आली तर तो डिस्टेंपर आहे, त्यावर काहीही टिकणार नाही. चांगली चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. रंग सोबत आला तर तिथे खरवडणं अटळ. शेवटी प्लॅस्टिकचा हातभर चौकोन चारी बाजूंनी टेपने बंद करून एक दिवस ठेवा. आतून दव जमलं तर भिंत ओली आहे. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत पश्चिमेच्या भिंतींवर ही चाचणी चुकवू नका. नवं काँक्रीट असेल तर किमान २८ दिवस जाऊ द्या.

वजनाचं साधं गणित

भिंतीला सपाट बसलेली पट्टी खाली सरकू पाहते. ही ओढ गोंद चांगली सोसतो, कारण ती सगळ्या पृष्ठभागावर वाटली जाते. फळीचं तसं नसतं. ती भिंतीपासून पुढे आलेली असते, त्यामुळे वरची कड भिंतीपासून सोलून काढायला बघते, आणि सोलणं हीच गोंदाची दुखरी नस.

उदाहरण घ्या. २० सेंटिमीटर रुंद फळीवर मधोमध ५ किलो ठेवले. भिंतीपासून अंतर १० सेंटिमीटर. फळी ज्या पट्टीवर बसवली आहे तिची उंची ५ सेंटिमीटर असेल, तर वरच्या कडेवर किमान १० किलोची ओढ पडते. पट्टी १० सेंटिमीटर उंच केली की ती निम्म्यावर येते. म्हणजे लाकूड जितकं उंच आणि फळी जितकी अरुंद तितका धोका कमी. पुस्तकांनी भरलेली दोन फुटी फळी १५-२० किलोंपर्यंत जाते. ती गोंदावर ठेवू नये.

दुकानात काय मिळतं, केवढ्याला

• पांढरा फेविकॉल : घरात असतोच, म्हणून पहिला हात तिकडे जातो. तो लाकडाला लाकूड जोडण्यासाठी आहे. त्यातलं पाणी लाकडात शोषलं जावं लागतं. रंगवलेली भिंत पाणी पीत नाही. या कामाला नको.

• खिळ्याविना गोंद (दुकानात ‘नेल-फ्री’ म्हणून मागा) : साधारण ३०० मिलिलिटरची नळी, २५० ते ५०० रुपये. पट्ट्या, स्कर्टिंग, हलकं पॅनेलिंग यांसाठी सर्वांत सोयीचा.

• पीयू किंवा एमएस पॉलिमर : ३५० ते ६०० रुपये. वाळल्यावरही किंचित लवचीक राहतो. पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, काँक्रीट मात्र जवळपास जागचं हलत नाही. ही ओढाताण लवचीक गोंदच सोसतो. लांब सागवानी पट्टीला हाच घ्या.

• सिलिकॉन : १५० ते ३०० रुपये. व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार काँक्रीटवर वापरू नका. त्यातलं आम्ल सिमेंटशी झगडतं आणि पकड सुटते. घ्यायचाच तर ‘न्यूट्रल’ लिहिलेला घ्या. त्यावर रंग बसत नाही हेही लक्षात ठेवा.

• अराल्डाइटसारखं दोन नळ्यांचं इपॉक्सी : मध्यम पॅक २०० ते ३५० रुपये. उघड्या काँक्रीटवर लहान ठोकळा बसवायला भक्कम. पण कडक होतं, त्यामुळे लांब लाकडाच्या हालचालीपुढे तडकू शकतं.

• दुहेरी फोम टेप (थ्रीएमची व्हीएचबी आणि तत्सम) : रुंदी-लांबीप्रमाणे २५० ते ६०० रुपये. स्थिर वजनासाठी दर किलोला सुमारे ५५ चौरस सेंटिमीटर टेप असा नियम आहे. पण तो गुळगुळीत, स्वच्छ पृष्ठभागासाठी. उघड्या खरखरीत काँक्रीटवर टेपला धरायला जागाच मिळत नाही. चिकटवल्यावर पूर्ण ताकद यायला साधारण ७२ तास लागतात.

• काँक्रीटचे पोलादी खिळे : पाकीट ५० ते १५० रुपये. ड्रिल लागत नाही, हातोडी पुरते. सिमेंटच्या गिलाव्यात छान बसतात. मायव्हानच्या भिंतीत वाकतात किंवा टवका उडवतात. चष्मा घाला, आणि बटणाच्या बोर्डाच्या सरळ वर-खाली ठोकू नका. विजेचे पाइप तिथूनच जातात.

यात नळी दाबायची गन १५० ते ३०० रुपये, सँडपेपर, थिनर आणि मास्किंग टेप मिळून १५० च्या आसपास. गन एकदाच घ्यावी लागते. नळी मात्र उघडली की काही आठवड्यांत तोंडाशी घट्ट होते, म्हणून दोन-तीन कामं एकाच रविवारी उरका.

काम करताना

जिथे गोंदाच्या रेघा येणार तिथला रंग आणि पुट्टी पट्ट्यापट्ट्यांनी खरवडा, गिलावा किंवा काँक्रीट लागेपर्यंत. हलक्या पट्टीसाठी रंग घट्ट असेल तर सँडपेपरने चमक घालवली तरी चालतं. धूळ ब्रशने झाडा, मग ओलसर फडक्याने पुसा आणि वाळू द्या. लाकडाची पाठही घासा. पॉलिश किंवा मेणावर गोंद धरत नाही.

गोंदाच्या रेघा उभ्या मारा, मध्ये मोकळी जागा ठेवा. सगळीकडे थापला तर आतला गोंद वाळत नाही, कारण पीयू आणि एमएस हवेतल्या ओलाव्यावरच घट्ट होतात. कडेला रेघ हवीच, विशेषतः वर. लाकूड दाबा, मास्किंग टेपने किंवा खालून टेकू देऊन २४ तास तसंच राहू द्या. पूर्ण वजन आठवड्याने टाका. बहुतेक पट्ट्या पडतात त्या याच आठवड्यात, पहिल्या संध्याकाळी दप्तर अडकवल्यामुळे.

तीन कामांचा हिशेब

*खुंटाळं, ३ फूट बाय ४ इंच, टोप्या-किल्ल्या-छत्रीसाठी.* नळी २५० ते ५००, गन १५० ते ३००, किरकोळ १५०. एकूण ५५० ते ९५०, लाकूड वेगळं. गोंद अगदीच थोडा लागतो, तर ३०० मिलिलिटरच्या नळीत ६ मिलिमीटर जाडीची रेघ सुमारे १० मीटर निघते. म्हणून पिळायची छोटी ट्यूब मिळाली तर तीच घ्या. गनचा खर्चही वाचतो.

*टीव्हीमागे ८ बाय ४ फुटांचा ६ मिलिमीटर प्लाय.* वजन ११-१२ किलो, पण सपाट बसलेला, त्यामुळे गोंदाला सोसण्याजोगा. दर फुटाला एक उभी रेघ धरली तर १२ मीटर, म्हणजे दोन नळ्या : ५०० ते १,०००. गन आणि किरकोळ ३०० ते ४५०. खरवडायला अर्धा दिवस मजूर ४०० ते ६००, सुताराचा दिवस १,००० ते १,५००. प्लायची किंमत सोडून एकूण २,२०० ते ३,५५०. टीव्ही मात्र या प्लायवर टांगायचा नाही. तो स्टँडवर ठेवा किंवा थेट भिंतीत बोल्टने बसवा.

*तेच काढताना.* तिसरा हप्ता इथे येतो. वाळलेला पीयू थिनरने विरघळत नाही, कापावा लागतो. मासे धरायची नायलॉनची दोरी लाकडामागे करवतीसारखी ओढा, हेअर ड्रायरने कड गरम करा, मग रंगाऱ्याची पातळ पट्टी घाला. तरी पुट्टीचे पापुद्रे येतातच. पुट्टी, प्रायमर, लिटरभर रंग आणि रंगाऱ्याचा एक दिवस मिळून १,२०० ते २,००० रुपये. जुन्या भिंतीत नव्या रंगाचा तुकडा वेगळा दिसतो, म्हणून बहुतेकदा पूर्ण भिंत रंगवावी लागते.

आता तुलना करा. चार भोकं पाडायला घरी येणारा कारागीर प्लग-स्क्रूसकट ३०० ते ५०० घेतो. घर सोडताना ती भोकं मूठभर पुट्टीत बुजतात, आणि तेही आपल्याच हाताने. ड्रिल टाळल्याने भिंतीवरचा डाग टळत नाही. गोंदाचा डाग भोकापेक्षा मोठा असतो.

काढता येणाऱ्या पट्ट्या आणि बिनचिकट उपाय

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांनी कायमचा गोंद टाळावा. फोटोफ्रेम किंवा हलक्या पट्टीसाठी ओढून काढता येणाऱ्या चिकटपट्ट्या पुरतात. पाकिटावर लिहिलेल्या वजनाच्या निम्मंच धरा. काढताना पट्टी भिंतीलगत सरळ खाली, सावकाश ओढायची; आपल्याकडे ओढली तर रंग सुटतो. ताज्या रंगाला किमान आठवडा द्या.

भिंतीला टेकून उभी राहणारी शिडीसारखी मांडणी किंवा जमीन आणि छत यांच्यामध्ये दाबून बसवलेला खांब यांना गोंदही लागत नाही. बाल्कनीत लाकडी टाइल्स सुट्याच मांडा. गच्चीवर वॉटरप्रूफिंगच्या थराला काहीही चिकटवू नका. काढताना तो थर फाटला तर खर्च खालच्या मजल्यापर्यंत जातो.

कुठे गोंद नकोच

पलंग किंवा पाळण्याच्या वर, छताला, गॅसच्या शेगडीजवळ आणि पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर वजन गोंदावर सोडू नका. भिंतीवरचा देव्हारा तर अजिबात नको : लाकूड जड, त्यात पितळी मूर्ती, आणि समोर तेवता दिवा. तो चौरंगावर किंवा कपाटावर ठेवा.

खरेदी करताना

नळीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष पाहा. वर्षभराहून जुनी नळी परत करा. काँक्रीट आणि लाकूड ही दोन्ही नावं पाकिटावर आहेत ना, ते वाचा. छापील किंमत सर्व करांसह असते, वर जीएसटी मागितला तर देऊ नका. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिल जपून ठेवा.

आणि भाडेकरू असाल तर नळी घेण्याआधी मालकाला एक मेसेज टाका : ‘अमुक भिंतीत चार भोकं पाडतो, जाताना बुजवून रंगवून देतो, चालेल का?’ होकार लेखी आला तर तुमचे पैसे वाचतील आणि त्यांची भिंतही. नकार आला तर हलकं काहीतरी चिकटवा, जड सामान जमिनीवर ठेवा.