वाळकी फांदी आणि वृक्षांचं भाग्य



आजचे वाचन: श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय २२, शेवटचे काही श्लोक.

वस्त्रहरणाची कथा संपली की आपण पान उलटून पुढच्या अध्यायातल्या याज्ञिकांच्या पत्नींकडे जातो. मीही अनेक वर्षं तसंच केलं. पण या दोन कथांच्या मध्ये एक छोटासा प्रसंग आहे. कडक उन्हाळा आहे, गोपाळ गाई घेऊन दूर आलेत, डोक्यावर झाडांनी छत्र धरलंय. कृष्ण एकेका सवंगड्याला नावाने हाक मारून म्हणतो, या झाडांचं भाग्य बघा. वारा, पाऊस, ऊन, थंडी स्वतः सोसतात आणि आपल्याला वाचवतात. सज्जनाच्या दारातून जसा, तसा यांच्याकडूनही कुणी याचक विन्मुख जात नाही.

मग तो यादी सांगतो. पानं, फुलं, फळं, सावली हे ठीक. पण पुढे लाकूड आहे, कोळसा आहे, राखही आहे! म्हणजे झाड मेल्यावरही देवाने त्याचं देणं थांबलेलं धरलं नाही.

मी मात्र धरलं होतं. मागच्या वैशाखात आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या गुलमोहराची वाळलेली फांदी मीच तोडायला लावली. ती माझ्या पार्किंगवर होती. अर्ज, परवानगी, १९७५ च्या कायद्याप्रमाणे कागद सगळे बरोबर. फांदी खाली पडली तेव्हा तिच्या खालच्या अंगाला ड्रिलने पाडल्यासारखं गोल भोक दिसलं. आत तांबटाची दोन पिल्लं होती. जगली नाहीत. उन्हात टुक टुक करणारा हा पक्षी घर कोरतो ते मऊ झालेल्या वाळक्या लाकडातच. पुढे दोन दिवस ती जोडी शेजारच्या फांदीवर येऊन बसत होती. मी खिडकी लावून घेतली.

आमच्या धंद्यात डेड कोड काढण्याआधी तो कुठून वापरला जातोय हे शोधतात. ही साधी शिस्त मी झाडाला लावली नाही. आणि अर्जात ‘येथे कोण राहते’ असा रकानाही नव्हता.

नंतर मी दहा रोपं लावली. पाप धुतलं गेलं असं वाटलं, खरं सांगतो. पण यंदा मागच्या रेन ट्रीच्या ढोलीत राखी धनेशाची मादी बसली आहे. धनेशाला स्वतःला ढोली कोरता येत नाही. जुन्या झाडाची फांदी कधीतरी तुटून, कुजून जी पोकळी तयार होते ती त्याला लागते. माझ्या दहा रोपांना अशी पोकळी यायला कित्येक दशकं जातील. मादी आत जाऊन विष्ठेने दार लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. आत तिची उडण्याची पिसंही गळतात. दोन महिन्यांहून जास्त काळ नर वड-पिंपळाची फळं आणून त्या फटीतून भरवतो. आमच्याकडचा नर सकाळी सातच्या सुमाराला येतो, माझ्या पारायणाच्या वेळी.

आता तीच फांदी पावसाआधी तोडा असं निवेदन आलंय. सही करणारे काका चुकीचे नाहीत. खाली मुलं खेळतात. रविवारी मीटिंग आहे. ढोलीच्या खालची जागा दोरी लावून बंद करू, टोकाकडचा भार पिल्लं उडाल्यावर उतरवू, असं मी मांडणार आहे. मागच्या वर्षीचं तांबटाचंही सांगावं लागेल. ते अजून घरी बायकोशिवाय कुणालाच माहीत नाही.

‘याचक’ हा शब्द वाचताना इतके दिवस मला माणूसच दिसायचा. आज सकाळी त्या श्लोकाशी आलो आणि बाहेर धनेश ओरडला. पोथी तशीच उघडी ठेवून खाली गेलो आणि गाडी गेटबाहेर, उन्हात नेऊन लावली.

उद्या अध्याय २३.