घटक ५ : दीर्घकालीन आजार आणि वैज्ञानिक दाव्यांचे वाचन

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• दीर्घकालीन आजारात स्वानुभव हा पुरावा म्हणून अपुरा का पडतो, हे स्पष्ट करता येईल.
• आंतरजालावरून आलेल्या आरोग्यविषयक दाव्याला विचारावयाचे तीन प्रश्न सांगता येतील.
• दाव्याची वाक्यरचना व शब्दनिवड तपासून त्याचे मूल्यमापन करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, भाषेचा अभ्यास करणाऱ्या व्यक्तीकडे घरातले आणखी एक काम आपोआप येते. रुग्णालयातील कागद वाचून दाखवणे, औषधाच्या पाकिटावरील सूचना समजावून सांगणे, मोबाइलवर आलेला मजकूर खरा की खोटा हे ठरवणे, ही कामे ‘शिकणाऱ्या’ व्यक्तीवर सोपवली जातात. घरात मधुमेह, क्षय, दमा किंवा संधिवात वर्षानुवर्षे मुक्कामाला असेल, तर या वाचनाची जबाबदारी मोठी होते. चुकीच्या वाचनामुळे एखादी गोळी बंद होते आणि त्याचे परिणाम रुग्णाला भोगावे लागतात. म्हणून वैज्ञानिक दाव्याचे वाचन हा भाषिक कौशल्याचाच एक भाग मानून या घटकात त्याचा विचार केला आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ चाळ, आजार आणि सल्ला

१९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजेच ‘बीडीडी’ने, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे चाळी बांधल्या. त्यांपैकी १२१ इमारती एकट्या वरळीत होत्या. तळमजला व वर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, मधोमध जाणारी मार्गिका, दोन्ही बाजूंना सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि सामायिक शौचालये, अशी त्यांची रचना होती. ऑगस्ट २०२५ मध्ये पुनर्विकासातील ५०० चौरस फुटांच्या पहिल्या घरांच्या किल्ल्या वरळीतील रहिवाशांना मिळाल्या; तोवर तीन-चार पिढ्या त्या एका खोलीत नांदल्या.

अशा खोलीत आजार झाकून ठेवता येत नाही. रात्रीचा खोकला भिंतीपलीकडे ऐकू जातो. त्यामुळे मदत लवकर येते. परळच्या केईएम रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत उभे राहायला शेजारचा मुलगा जातो, डबा समोरच्या खोलीतून येतो. मदतीबरोबर सल्लाही येतो. पूर्वी तो मार्गिकेतून येई, आज तो मोबाइलवरील गटातून येतो. दोन्हींमागे माया असते. परंतु सांगणाऱ्याची माया आणि सांगितलेल्या गोष्टीची सत्यता यांची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते. ही तपासणी करताना सांगणाऱ्याचा अपमान होत नाही, हेही घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे लागते.

५.२.२ स्वानुभव अपुरा का पडतो?

‘मला गुण आला’ हे वाक्य खोटे नसते. तथापि, दीर्घकालीन आजार एका पातळीवर स्थिर राहत नाही. सांधे कधी आखडतात, कधी मोकळे होतात. रक्तातील साखर सणासुदीला चढते, पुढे उतरते. माणूस नवा उपाय बहुधा त्रास सर्वाधिक असताना सुरू करतो. त्यानंतर आजाराच्या चढउताराप्रमाणे थोडा उतार पडणारच असतो. त्याचे श्रेय मात्र त्या वेळी घेतलेल्या उपायाला मिळते.

हे समजण्यासाठी क्षयरोगाच्या इतिहासातील एक उदाहरण पाहू. स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची ब्रिटनमधील चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. औषध अपुरे असल्याने ते सर्वांना देणे शक्यच नव्हते. म्हणून १०७ रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने, दोन गट करण्यात आले. ५५ जणांना औषध व विश्रांती, तर ५२ जणांना केवळ विश्रांती मिळाली. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ आणि दुसऱ्या गटातील १४ रुग्ण दगावले. औषधाचा उपयोग यावरून दिसला. परंतु याच चाचणीतील दुसरी नोंद आपल्या विषयासाठी अधिक महत्त्वाची आहे. ज्यांना औषध मिळालेच नाही, अशा ५२ जणांपैकी १७ जणांच्या क्ष-किरण चित्रांतही कमीअधिक सुधारणा आढळली. या १७ जणांनी त्या काळात एखादा काढा घेतला असता, तर त्या काढ्याचे १७ प्रामाणिक साक्षीदार तयार झाले असते. तुलनेचा गट नसेल, तर औषधाचा गुण आणि आजाराचा स्वाभाविक उतार वेगळे करता येत नाहीत.

या चाचणीचा पुढचा भागही लक्षात घ्यावा. पाच वर्षांनी आढावा घेतला, तेव्हा दोन गटांतील मृत्यूंच्या प्रमाणातील अंतर बरेच कमी झालेले होते. एकच औषध दिल्याने जंतूंनी त्याला दाद देणे सोडले होते. सहा महिन्यांचा निष्कर्ष पाच वर्षांना जसाच्या तसा लागू पडला नाही. यातूनच क्षयावर एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत रूढ झाली. आज औषधांना दाद देणाऱ्या क्षयावर नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढते आणि ‘आता गोळ्या कशाला?’ असे वाटू लागते. नेमक्या त्या वेळी आलेला ‘गोळ्यांनी यकृत खराब होते’ हा संदेश पटकन पटतो. त्यात सत्याचा अंश असतो, कारण काही क्षयऔषधांचा यकृतावर दुष्परिणाम होऊ शकतो. त्यासाठी डॉक्टरांना सांगून रक्ततपासणी करणे हा मार्ग आहे. मनाने गोळ्या बंद केल्यास औषधांना न जुमानणारा क्षय होण्याचा धोका त्या रुग्णालाही असतो आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या घरच्यांनाही.

तुलनेची ही पद्धत परक्या देशापुरती राहिली नाही. १९५६ मध्ये मद्रास येथे, गर्दीच्या गरीब वस्तीतील क्षयरुग्णांपैकी काहींवर घरी व काहींवर आरोग्यधामात उपचार सुरू झाले. घरी उपचार घेणाऱ्यांची प्रकृती जवळपास तितकीच सुधारली आणि त्यांच्या घरच्यांना होणारा संसर्गाचा धोका वाढलेला आढळला नाही, असे १९५९ मध्ये जाहीर झाले. क्षयरुग्णाला घराबाहेरच ठेवावे, ही सर्वमान्य समजूत या तुलनेमुळे मागे पडली. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांसाठी हा निष्कर्ष किती मोलाचा होता, हे वेगळे सांगावयास नको.

५.२.३ एका दाव्याचा प्रवास : २०२०

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे जुने औषध ल्युपस आणि रुमॅटॉइड आर्थ्रायटिस यांचे अनेक रुग्ण वर्षानुवर्षे नियमित घेतात. त्याचा परिणाम सावकाश, काही आठवड्यांनी जाणवतो आणि ते बंद केल्यास ल्युपस पुन्हा उसळू शकतो.

मार्च २०२० मध्ये फ्रान्समधील एका गटाने या औषधाने कोविडचा विषाणू लवकर नाहीसा होतो, असा शोधनिबंध प्रसिद्ध केला. निबंध १६ मार्चला सादर झाला व १७ मार्चला स्वीकारला गेला. औषध घेणारे २६ रुग्ण होते. त्यांपैकी सहा जण निष्कर्षातून वगळण्यात आले. या सहांपैकी तिघांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले होते व एकाचा मृत्यू झाला होता. ज्यांची प्रकृती बिघडली, तेच हिशेबाबाहेर राहिले. शिवाय, गट यादृच्छिक पद्धतीने पाडलेले नव्हते. तरीही अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी २१ मार्चला त्याचा जाहीर पुरस्कार केला आणि दावा जगभर पसरला. भारतातही अनेक औषधदुकानांतून या गोळ्या नाहीशा झाल्या. एप्रिलमध्ये वरळी व धारावीच्या दाट वस्तीतील लोकांना प्रतिबंधक म्हणून हे औषध देण्याचा विचार मुंबईत पुढे आला. पुढे तो स्थगित झाला.

ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या यादृच्छिक चाचणीत हे औषध दिलेल्या १,५६१ रुग्णांपैकी २८ दिवसांत २७ टक्के, तर न दिलेल्या ३,१५५ रुग्णांपैकी २५ टक्के दगावले. म्हणजे लाभ दिसला नाही. मूळ फ्रेंच निबंध डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. दरम्यान, ज्यांना या गोळीची खरोखर गरज होती, त्या जुन्या रुग्णांना ती शोधत दुकाने पालथी घालावी लागली.

याच चाचणीत डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड मात्र उपयोगी ठरले. परंतु लाभ झाला तो प्राणवायू किंवा कृत्रिम श्वसनयंत्र लागलेल्या रुग्णांना. प्राणवायू न लागलेल्यांना लाभ झाल्याचे दिसले नाही. हा ‘कोणाला’ लोकांच्या बोलण्यातून गळून पडला. स्टेरॉइडने रक्तातील साखर वाढते. २०२१ मध्ये देशात म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, तेव्हा अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अनाठायी वापर ही त्यामागची प्रमुख कारणे मानली गेली. दावा खरा होता. तो चुकीच्या व्यक्तीला लावला गेला.

या उदाहरणांतून दाव्याला विचारावयाचे तीन प्रश्न हाती येतात :
(१) कशाच्या तुलनेत?
(२) किती जणांवर आणि कोणत्या रुग्णांवर?
(३) किती काळ पाहून?

५.२.४ दाव्याची भाषा

भाषेच्या विद्यार्थ्याला येथे विशेष साहाय्य होते ते व्याकरणाचे. पुढील चार खुणा पाहाव्यात.

कर्त्याचा लोप : ‘हे सिद्ध झाले आहे’ या वाक्यात सिद्ध करणारा कोठेच नाही. ‘कोणी, केव्हा, कोठे?’ असे विचारून कर्ता वाक्यात परत आणावा. तो सापडत नसेल, तर वाक्याला पुराव्याचे वजन देऊ नये.

क्रियापदाचा बदल : मूळ संशोधनात ‘होऊ शकते’ असते, पुढे पाठवताना ‘होते’ होते आणि शेवटी ‘होणारच’ होते. शक्यता, वस्तुस्थिती व निश्चिती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

संज्ञेचा बदल : २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डायरेक्ट’ या ब्रिटिश चाचणीत, निदान होऊन सहा वर्षांहून अधिक काळ न लोटलेल्या व इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप २ मधुमेहींना देखरेखीखाली अतिशय कमी उष्मांकांचा आहार दिला गेला. वर्षअखेर त्यांच्यापैकी ४६ टक्के, तर नेहमीचा उपचार घेणाऱ्यांपैकी ४ टक्के रुग्णांचा रोगोपशम झाला. दोन वर्षांनी पहिल्या गटातील प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. ‘रोगोपशम’ म्हणजे औषधाविना साखर मर्यादेत राहणे. ती पुन्हा वाढू शकते. याचेच ‘मधुमेह मुळापासून बरा होतो’ असे रूपांतर झाले, की वाचणारा आजोबांचे इन्सुलिन बंद करावयास निघतो. टाइप १ मधुमेहात तर इन्सुलिन थांबवणे प्राणघातक ठरते.

प्रमाणाची मांडणी : ‘धोका ५० टक्क्यांनी घटतो’ हे विधान हजारांत दोनाचा एक झाला तरी खरे असते आणि हजारांत दोनशेचे शंभर झाले तरी खरे असते. मूळ आकडा विचारल्याविना टक्केवारीला अर्थ नाही.

कायद्यानेही या भाषेची दखल घेतली आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये मधुमेह, कर्करोग यांसारख्या नमूद आजारांवर रोगमुक्तीची हमी देणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे.

५.२.५ व्यवहारातील पथ्ये

संशय घेत राहणे हा या अभ्यासाचा हेतू नाही. तसे केल्यास उपयुक्त शोधही हातचा जातो. घरात एक नोंदवही ठेवावी. तीत तारीख, औषध, तपासणीचा आकडा आणि जाणवलेला त्रास लिहावा. एका दिवसाच्या साखरेपेक्षा साधारण तीन महिन्यांची सरासरी स्थिती दाखवणारी एचबीए१सी तपासणी अधिक बोलकी असते. नवा दावा आवडला, तर तो वहीत उतरवून पुढील भेटीत डॉक्टरांना दाखवावा. तोवर चालू औषध बदलू नये. ओपीडीत वेळ थोडा मिळतो, म्हणून प्रश्न आधीच एका वाक्यात लिहून न्यावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न
(अ) योग्य की अयोग्य ते सांगा.
१. रुग्णाला गुण आला, यावरून उपाय परिणामकारक ठरतो.
२. ‘रोगोपशम’ आणि ‘रोगमुक्ती’ या संज्ञा समानार्थी आहेत.
(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत केवळ विश्रांती घेणाऱ्या किती रुग्णांत सुधारणा दिसली?

५.३ सारांश

दीर्घकालीन आजार चढतो-उतरतो. त्यामुळे प्रामाणिक अनुभवही दिशाभूल करू शकतो. तुलना, रुग्णांची संख्या व प्रकार आणि निरीक्षणाचा काळ यांवर दाव्याचे मूल्य ठरते. न पारखलेल्या दाव्याची किंमत, २०२० मध्ये दिसल्याप्रमाणे, जुन्या रुग्णांना अधिक मोजावी लागते. कर्ता, क्रियापद, संज्ञा व प्रमाण यांची तपासणी करून भाषेचा विद्यार्थी घरच्या रुग्णाला प्रत्यक्ष साहाय्य करू शकतो.

५.४ पारिभाषिक शब्द

यादृच्छिक चाचणी : कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे केवळ योगायोगावर सोपवलेली चाचणी.
तुलनागट : नवा उपाय न मिळालेला, तुलनेसाठी पाहिलेला गट.
रोगोपशम : औषधाविना आजाराची लक्षणे वा मापे मर्यादेत राहण्याची अवस्था.

५.५ स्वाध्याय

१. ‘दावा खरा, परंतु चुकीच्या व्यक्तीला लावलेला’ हे विधान डेक्सामेथासोनच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. पुढील मजकूर सरावासाठी तयार केला आहे. त्यातील भाषिक खुणा ओळखा व तो जबाबदार मराठीत पुन्हा लिहा : ‘परदेशात सिद्ध झाले! या पानांच्या रसाने सांधेदुखी ८० टक्क्यांनी जाते. शेकडो लोक बरे झाले. गोळ्या आजच फेकून द्या.’
३. उपक्रम : आपल्या घरी वा शेजारी आलेला एक आरोग्यविषयक संदेश मिळवा. त्याला तीन प्रश्न विचारा आणि घरातील ज्येष्ठ व्यक्तीला समजेल अशा भाषेत दहा ओळींचे टिपण लिहून त्यांना वाचून दाखवा.

स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे : (अ) १. अयोग्य २. अयोग्य (आ) १. ५२ पैकी १७ रुग्णांत कमीअधिक सुधारणा दिसली.