बी. ए.ची पदवी : व्यापाऱ्याच्या हिशेबाने

बारावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. डॉक्टरी-इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही, मग मुलाला आर्ट्सला घालून तीन वर्षे कशाला वाया घालवायची? त्यापेक्षा दुकानावर बसवा, नाहीतर मागावर उभा करा. असे विचारणारा माणूस अडाणी नसतो. रोज नफा-तोटा पाहणारा तो व्यवहारी माणूस असतो. म्हणून त्याला उपदेश करण्यापेक्षा हिशेब दाखवणे बरे. तोच हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

खर्चाची बाजू

कॉलेजचा खर्च म्हणजे फी, असे आपण समजतो. वास्तविक अनुदानित कॉलेजात कला शाखेची फी हा खर्चाचा लहान भाग आहे. मोठा भाग आहे तीन वर्षांची बुडालेली कमाई. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ साली शिक्षणाकडे भांडवल म्हणून पाहणारा ग्रंथ लिहिला. विद्यार्थ्याची बुडणारी मजुरीही शिक्षणाच्या खर्चातच धरली पाहिजे, हे त्यात आहे. त्यांना १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

समजा, मुलगा कामाला लागला तर महिन्याला १२,००० रुपये आणील. ३६ महिन्यांचे झाले ४,३२,००० रुपये. फी, पुस्तके, येणे-जाणे मिळून वर्षाला २८,००० धरले तर तीन वर्षांचे ८४,००० होतात. एकूण ५,१६,००० रुपये. कारागिराच्या घरात ही रक्कम लहान नाही.

पण कला शाखेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्या. तिचे वर्ग बहुतेक ठिकाणी अर्ध्या दिवसाचे असतात. कॉलेज सकाळचे असेल तर दुपारनंतर मुलगा दुकानात किंवा कारखान्यात हातभार लावू शकतो. निम्मी कमाई वाचली, तर एकूण खर्च ३,००,००० वर येतो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून किंवा हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून बी. ए. केल्यास कामाचा दिवस फारसा मोडत नाही. शिवाय एवढ्या खर्चासाठी व्याजाचे कर्ज काढण्याची वेळ सहसा येत नाही. व्याजापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांना ही मोठीच सोय आहे.

जमेची बाजू

आता या ३,००,००० रुपयांवर परत काय मिळते? पदवीमुळे महिन्याला ३,००० रुपये जास्त मिळू लागले, असे धरू. १०० महिन्यांत, म्हणजे आठ वर्षे चार महिन्यांत मुद्दल वसूल. एकविसाव्या वर्षी पदवी घेणारा मुलगा तिशीच्या आत हा खर्च फेडतो आणि पुढची पंचवीस-तीस वर्षे नफ्यात राहतो. वरची मिळकत शून्य असेल, तर मात्र हा सौदा पूर्ण तोट्याचा आहे. म्हणून ती मिळकत कोठून येते ते पाहू.

पहिली वाट पदवीच्या कागदाची. लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला, राज्यसेवेला, बँकेतील अधिकारी पदांच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. तीन वर्षांचे एलएल. बी. आणि एम. बी. ए. यांनाही चालते. बी. ए.नंतर बी. एड. करून शिक्षकही होता येते. बारावीवर थांबलेल्याला ही दारे बंद असतात.

दुसरी वाट कागदामागच्या गुणांची. अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता शिकवतात. भाव दहा टक्क्यांनी वाढवला तर गिऱ्हाईक किती तुटेल, हाच तो विषय. आपला व्यापारी तो अंदाजाने ओळखतो, शिकलेला मुलगा वहीत मांडून पाहतो. इंग्रजी आली तर परगावच्या आणि परदेशच्या खरेदीदाराशी दलालाशिवाय पत्रव्यवहार होतो. राज्यशास्त्र शिकलेल्याला सरकारी परिपत्रकाची भीती वाटत नाही.

याचे पैशात मोल किती, ते एका उदाहरणाने पाहा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाच्या मालाचे पैसे देण्याची मुदत, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. आपले किती कारागीर चार-चार, सहा-सहा महिने उधारीसाठी हेलपाटे घालतात! कायदा आहे, पण तो वाचून नोंदणी करणारा, अर्ज लिहिणारा आणि वरिष्ठापुढे नीट बाजू मांडणारा माणूस घरात नाही. दोन लाखांची अडकलेली उधारी वेळेवर सुटली तर पदवीचा मोठा खर्च तेथेच भरून निघतो.

तोटा केव्हा होतो

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली असे दाखवले की नोकरी देणारा पदवीकडे एक खूण म्हणून पाहतो. उमेदवार चिकाटीचा आहे, एवढेच त्याला त्यातून कळते. ज्या खुणेचे मालक खूप झाले, तिची किंमत घटते. गल्लोगल्ली बी. ए. झाले असतील तर नुसत्या कागदाला कोण विचारणार? गाईड पाठ करून, वर्गात न बसता पास झालेल्या मुलाजवळ फक्त कागद असतो. त्याच्या बापाने पैसे पूर्ण मोजले, पण माल अर्धाच उचलला.

इब्न खल्दून यांनी १३७७ साली लिहिलेल्या ‘मुकद्दमा’त व्यापार आणि कारागिरीचे प्रकरण आधी येते, विद्येचे त्यानंतर. शिकवणे हीसुद्धा एक कारागिरीच आहे, असे ते मानतात. सरावाने जसा हात बसतो, तशीच विद्याही सरावानेच अंगी मुरते. कारागिरांना हे वेगळे सांगायला नको. उस्तादाजवळ न बसता कोणी जरीकाम शिकले आहे काय?

आपल्या व्यापाऱ्यांनी काय केले?

आर्ट्सचे शिक्षण धंदेवाईकांच्या कामाचे नाही, ही समजूत जुनी नाही. मुंबईचे जहाज-व्यावसायिक सर मोहम्मद यूसुफ यांनी १९१४ साली मुसलमानांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडे ८ लाख रुपये दिले. त्यातून १९३० साली जोगेश्वरीचे इस्माईल यूसुफ कॉलेज उभे राहिले. आजही मोठे उद्योजक तेच करीत आहेत. हरियाणातील सोनीपत येथे २०१४ साली सुरू झालेले अशोका विद्यापीठ उद्योजकांच्या देणग्यांवर उभे आहे. तेथे इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र असे विषय एकत्र शिकवतात आणि त्यासाठी वर्षाला लाखांत फी घेतात. श्रीमंत घरे जे शिक्षण लाखो रुपये मोजून घेतात, ते जवळच्या कॉलेजात थोडक्यात मिळत असताना आपण त्याला वाया गेलेली वर्षे म्हणतो.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे १ आणि पदव्युत्तरच्या ५० विद्यार्थ्यांमागे १ मुसलमान होता. वकील, अधिकारी, प्राध्यापक, पत्रकार याच वाटेने घडतात. ही वाट रिकामी राहिली तर आपल्या बाजाराचे गाऱ्हाणे वर मांडणारा कोणी उरणार नाही.

प्रवेशापूर्वी एवढे पाहा

१. कॉलेज अनुदानित आहे काय, आणि वर्ग नियमित भरतात काय, हे तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा.

२. विषय मित्राच्या नादाने घेऊ नका. धंदा सांभाळायचा असेल तर अर्थशास्त्र आणि इंग्रजी जरूर पाहा.

३. तीन वर्षांत पदवीबरोबर एक हातचे कौशल्य जोडा. हिशेबाचे सॉफ्टवेअर, जीएसटीचे काम किंवा भाषांतर यापैकी काहीही चालेल.

४. मुलींना मागे ठेवू नका. घराजवळ कला शाखा बहुधा असतेच. पुढे शिक्षिका किंवा वकील होण्याची सुरुवात तेथूनच होते, आणि शिकलेल्या आईच्या मुलांची शिकवणीची फीही वाचते.

५. शिष्यवृत्तीची चौकशी प्रवेशाच्या दिवशीच कॉलेजच्या कार्यालयात करा. ऐपतदार व्यापाऱ्यांनी आपल्या मोहल्ल्यातील निदान एका होतकरू मुलाच्या पुस्तकांचा भार उचलावा.

मुलगा शिकायला तयार नसेल तर त्याला ओढून कॉलेजात बसवू नका. हलाल मेहनतीच्या कोणत्याही कामात कमीपणा नाही. पण तो शिकायला तयार असेल, तर केवळ ‘बी. ए.ने काय होते’ या एका वाक्यावर त्याचे पाऊल अडवू नका. आधी कागद घ्या, त्याच्याजवळ बसून वरचा हिशेब आपल्या घराच्या आकड्यांनी मांडा, आणि मग निर्णय करा.