हजची तयारी

जळगाव-धुळ्याकडे घरातले कोणी हजला निघाले की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. इहराम, चपला, औषधे यांनी बॅग भरते. एक तयारी मात्र बॅगेत मावत नाही. ती दंडावर होते! यात्रेकरूंसाठी शिबिर भरते. तेथे त्यांना मेंदूज्वराची लस टोचतात आणि पोलिओचे थेंबही पाजतात.

हा मेंदूज्वर फार वाईट. मेंदूवरच्या पडद्याला सूज येते, डोके दुखते, मान ताठ होते. उपचाराला उशीर झाला तर एका दिवसातही माणूस दगावतो. याचे जंतू धडधाकट माणसाच्या घशात राहू शकतात. त्याला स्वतःला काहीच होत नाही. पण त्याच्या खोकल्यातून, शिंकेतून ते दुसऱ्याला लागतात. मिनाच्या तंबूंत माणसे अगदी दाटीने झोपतात. मग जंतूंना आणखी काय हवे?

१९८७ साली हजच्या वेळी ही साथ पसरली. त्यानंतर सौदी सरकारने लस सक्तीची केली. पण २००० साली जंतूचा वेगळाच प्रकार आला. हाजी युरोपात आपापल्या घरी परतले आणि हजला न गेलेली त्यांच्या घरची माणसे आजारी पडली. काही दगावलीसुद्धा. २००२ पासून चार प्रकारच्या जंतूंवर चालणारी लस लागते.

लस टोचली की लगेच संरक्षण मिळत नाही. शरीराला वेळ लागतो. म्हणून ती सौदीत पोहोचण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. दादाजान निघणार असतील तर त्यांच्या कार्डावरची तारीख तुम्हीच वाचा आणि दिवस मोजा.