'नरवा' आणि 'ओहोळ'

रायपूरच्या परिसरातील खेड्यांत लहान प्रवाहाला छत्तीसगढीत 'नरवा' म्हणतात. मराठी अनुवादक त्याचा हटकून 'नाला' करतात. व्युत्पत्तीच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. संस्कृत 'नाल' म्हणजे पोकळ देठ, नळी. त्यातील 'ल'चा 'र' होऊन व पुढे 'वा' लागून 'नरवा' सिद्ध झाला असे मानता येते. म्हणजे हे नाव पाण्याचे नव्हे, पाण्याच्या वाटेचे. 'ओहोळ' मात्र संस्कृत 'ओघ', प्राकृत 'ओह' यांच्याशी जोडता येतो. त्यात वाहणेच मुख्य आहे. (कोकणातील 'व्हाळ' 'वह्' धातूकडे बोट दाखवतो, दोहोंची सरमिसळ झाली असावी, असे मला वाटते.)

परंतु अनुवादकाला मुळापेक्षा रूढी अधिक बांधते. विदर्भात 'नाला' अजून शेताच्या कडेने वाहतो; मुंबईच्या वाचकाला त्याच शब्दाने सांडपाणी आठवते. २०१८नंतर छत्तीसगढ शासनाने आपल्या ग्रामविकास कार्यक्रमाच्या नावातच 'नरवा' घेतला, तोही गुरे, उकिरडा आणि परसबाग यांच्या जोडीला. अशा संदर्भात मी 'ओहोळ' लिहीन. वाचक वऱ्हाडातला असेल, तर 'नाला'च ठेवीन.