संगणकाची आज्ञावली लिहून घेताना

अनेक शेतकरी उत्पादक कंपन्या सभासदांच्या मालाचे वजन, प्रतवारी व पट्टी यांचा हिशेब संगणकावर ठेवतात. त्यासाठी अपवर्कसारख्या संकेतस्थळावरून स्वतंत्र प्रोग्रामर नेमता येतो. मात्र बियाणे घेताना आपण उगवणशक्ती पाहतो, पिशवीवरचे चित्र नव्हे. तीच दृष्टी येथे ठेवावी.

प्रथम आपणांस काय हवे ते कागदावर उतरवावे. वजनपावती कशी निघावी, हमाली व तोलाई कोठे धरावी, हे मोघम ठेवल्यास खर्चही वाढतो आणि वादही. उमेदवाराचे पूर्वीचे काम स्वतः चालवून पाहावे. नंतर केवळ वजनपावतीचा भाग मोबदला देऊन करून घ्यावा.

रक्कम टप्प्याटप्प्याने, संकेतस्थळामार्फतच द्यावी. तेथे ती अनामत राहते. परस्पर पैसे मागणाऱ्यास नकार द्यावा. चाचणीसाठी कल्पित नावे पुरेशी होतात. सभासदांचे आधार व बँक खात्यांचे क्रमांक देऊ नयेत.

स्वामित्वाची बाब पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. प्रताधिकार कायदा, १९५७ अन्वये प्रोग्रामर आपला नोकर नसेल, तर पैसे देऊनही प्रताधिकार सामान्यतः त्याचाच राहतो. तो आपणांकडे येण्यास सहीचा लेखी करार लागतो. करारात मुदत न लिहिल्यास ती ५ वर्षेच धरतात.

सोयाबीनची खरेदी ऐन भरात असता आज्ञावली बंद पडली आणि पासवर्ड परक्याच्या हाती असला, तर काटा थांबतो. म्हणून अखेरचा हप्ता देण्यापूर्वी सोर्स कोड ताब्यात घ्यावा, दुसऱ्या संगणकावर चालवून पाहावा आणि सर्व पासवर्ड बदलावेत.